कोकणा भाषेच्या विकीसाठी भाषा-कोड कोणता घ्यावा? (अहिराणीचाही प्रश्न आहे)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही सहा जण मिळून कोकणा भाषेचा विकी उभा करतोय. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून गोळा केलेले साधारण अकराशे शब्द आहेत. कणसरीच्या कथेचे दोन पाठ आहेत आणि डोंगऱ्यादेवाच्या विधीची लिहून घेतलेली माहिती आहे. आधी स्वतःच्या सर्व्हरवर मीडियाविकी (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायचं आणि पानं बऱ्यापैकी झाली की विकिमीडियाच्या इन्क्युबेटरवर, म्हणजे नव्या भाषांचे विकी जिथे आधी वाढवतात तिथे जायचं, असा बेत आहे.

पहिल्याच पायरीवर अडलो. मीडियाविकी बसवताना भाषा निवडायला जी यादी येते तिच्यात कोकणा नाही, गोव्याची कोंकणी आहे. गटात तीन मतं पडली. एक म्हणतो के-ओ-के घ्या, नाव जवळचं आहे. दुसरा म्हणतो मराठीचाच एम-आर ठेवा, सगळी बटणं मराठीत दिसतील. तिसरा म्हणतो के-के-एन असा आपलाच कोड ठरवू. कुठला बरोबर? आत्ता काहीतरी टाकून पुढे बदलता येतो का? डांग आणि धरमपूरकडची कोकणा मंडळी गुजराती लिपीत लिहितात, त्यांना वेगळा कोड लागेल का? आणि बागलाणातले मित्र अहिराणीचं असंच काम सुरू करणार आहेत, त्यांनी काय घ्यावं?

दमणगंगा
आधी एक खुलासा. इथे कोड अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहितोय. प्रत्यक्षात ती सलग, लहान रोमन अक्षरं असतात आणि मधे रेघ नसते. कोडाच्या पुढे लिपी वगैरे जोडायची असेल तेव्हाच आडवी रेघ येते.

तुमचे तिन्ही पर्याय सोडा. कोकणाला आयएसओ ६३९-३ मध्ये, म्हणजे भाषांना तीन अक्षरी कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात, स्वतःचा कोड आहे, के-ई-एक्स. तुम्हाला तो सापडला नाही कारण तिथे भाषेचं नाव ‘कुकना’ या स्पेलिंगने नोंदवलंय. ‘कोकणा’ किंवा ‘कोकणी’ शोधलं की गोव्याची कोंकणीच समोर येते. आपल्या भागातल्या कुठल्याही भाषेचा कोड शोधताना हे होतं, म्हणून एका स्पेलिंगवर थांबू नका. एसआयएल ही संस्था ६३९-३ ची नोंदणी सांभाळते आणि पूर्ण यादी टॅबने विभागलेल्या फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि के, क्यू, यू, ओ अशी अक्षरं बदलून चार-पाच रूपं तपासा.

आता के-ओ-के का नको ते. के-ओ-के हा एका भाषेचा कोड नाही, ती छत्री आहे. तिच्याखाली दोन भाषा येतात, गोव्याची कोंकणी जी-ओ-एम आणि किनारपट्टीवरची कोंकणी के-एन-एन. के-ई-एक्स त्या छत्रीखाली नाही. नावाचा घोळ मात्र सरकारी कागदातूनच आलाय. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ही नोंद ‘कोकना, कोकनी, कुकना’ अशी एकत्र आहे, त्यामुळे ‘कोकणी’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात. जनगणनेत तर आणखी तिसरीच मांडणी आहे, तिथे कोकणा आणि वारली या दोन्ही मातृभाषा ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखाली मोजल्या जातात. जनगणनेचं शीर्षक, जमातीचं नाव आणि भाषेचा कोड या तीन वेगळ्या याद्या आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की चूक ठरलेलीच.

के-ओ-के घेतलात तर वरकरणी काहीच बिघडणार नाही, म्हणूनच ती चूक जास्त वाईट. पानं उघडतील, शोध चालेल. पण जालावरून मजकूर गोळा करताना भाषा-कोड बघणारी प्रत्येक यंत्रणा तुमची कणसरीची कथा कोंकणी म्हणून नोंदवेल. कोंकणी १९९२ पासून आठव्या अनुसूचीत आहे, तिचा साठा मोठा आहे, त्यात तुमचे अकराशे शब्द विरघळून जातील आणि पुन्हा वेगळे काढता येणार नाहीत. कोकणा भाषेत ऑनलाइन काय आहे असं कुणी विचारलं तर उत्तर शून्यच येईल, तुम्ही दोन वर्षं राबला असलात तरी.

के-के-एन तर अजिबात नको. ती तीन अक्षरं ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या कोन केऊ या भाषेला दिलेली आहेत. आपल्या मनाने कोड घडवायचाच असेल तर मानकात त्यासाठी क्यू-ए-ए पासून क्यू-टी-झेड पर्यंतचा पट्टा राखून ठेवलाय, त्याबाहेरचं कुठलंही त्रिकूट कुणाचं तरी असतं किंवा उद्या कुणाला तरी मिळतं. राखीव पट्ट्यातला कोड फक्त तुमच्या सर्व्हरच्या आत खरा, बाहेर त्याला अर्थ नाही.

मराठीच्या एम-आर बद्दल. मराठी बटणं दिसण्यासाठी मराठीचा कोड लावायची गरज नाही, ते काम ‘फॉलबॅक’ करतो, म्हणजे एका भाषेत संदेश नसला की ठरवलेल्या दुसऱ्या भाषेतला दाखवायची सोय. ते खाली कुणी मीडियाविकीवाले सांगतील.

मोसमखोरे
अहिराणीचं सांगतो. ए-एच-आर हा अहिराणीचा कोड आणि के-एच-एन हा खानदेशीचा. आयएसओमध्ये दोन्ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेल्या आहेत आणि कुणीही कुणाची छत्री नाही. म्हणजे के-एच-एन घेतलं की त्यात अहिराणी आपोआप येते, हा समज चुकीचा. बागलाण, मालेगाव, देवळा भागात जे लोक स्वतः आपल्या भाषेला अहिराणी म्हणतात त्यांच्या विकीला ए-एच-आर घ्यावा.

गोंधळ होतो तो जनगणनेमुळे. तिथे मांडणी उलटी आहे. २०११ च्या आकड्यांत ‘खानदेशी’ हे मोठं शीर्षक, सुमारे १८ लाख ६० हजार बोलणारे, आणि त्याच्या पोटात अहिराणी, सुमारे १६ लाख ३६ हजार. इन्क्युबेटरच्या विनंतीत बोलणाऱ्यांची संख्या देताना ए-एच-आर समोर १८ लाखांचा आकडा टाकू नका, तपासणारा ती विसंगती लगेच पकडतो. अहिराणीचाच आकडा द्या आणि तो खानदेशीच्या शीर्षकाखाली छापलाय हेही लिहा.

बाकीचे जवळपासचे कोड एकदाच देऊन ठेवतो. वारली व्ही-ए-व्ही, भिली बी-एच-बी, भिलाली बी-एच-आय, कातकरी के-एफ-यू, मावची एम-के-ई, धोडिया डी-एच-ओ. महादेव कोळ्यांच्या बोलीवर काम करणाऱ्यांनी मात्र फार जपून राहावं. यादीत ‘कोळी’ नावाने तीन कोड सापडतात, काच्छी कोळी, पारकरी कोळी आणि वडियारा कोळी. तिन्ही सिंधकडच्या भाषा आहेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बोलीशी त्यांचा संबंध नाही, फक्त नाव सारखं आहे.

कादवा
मीडियाविकीचं मी सांगते. गोदाकाठदादा, भाषा-कोड पहिलं पान लिहायच्या आधी ठरवा. नंतर बदलता येतो, पण तेव्हा त्रास कुठे होतो ते वाचा.

बसवताना यादीतून मराठी निवडा. बसवून झाल्यावर ‘लोकलसेटिंग्ज’ फाइलमध्ये दोन गोष्टी करायच्या. ‘जादा भाषा-नावं’ म्हणून जो चल असतो त्यात के-ई-एक्स समोर ‘कोकणा’ असं नाव द्या, आणि साइटचा भाषा-कोड एम-आर वरून के-ई-एक्स करा. लहान अक्षरांतच. मोठी अक्षरं मानकाला चालतात, मीडियाविकीला आतून लहानच लागतात.

एवढं करून पान उघडलंत तर सगळी बटणं इंग्रजीत दिसतील. इथेच बरेच जण घाबरून परत एम-आर करतात. कारण साधं आहे. के-ई-एक्स साठी संदेशांची फाइल सापडली नाही की मीडियाविकी इंग्रजीवर जातं, आणि कसलीही चूक दाखवत नाही. चुकीचा कोड टाकलात तरी असंच इंग्रजी दिसतं, त्यामुळे कोड बरोबर की चूक हे पडद्यावरून ओळखता येत नाही. उपाय असा की ‘लँग्वेजेस’ फोल्डरमधल्या ‘मेसेजेस’ फोल्डरात के-ई-एक्स च्या नावाची एक छोटी फाइल करा आणि तिच्यात फॉलबॅक म्हणून एम-आर लिहा. फाइलच्या नावात कोडाचं पहिलं अक्षर मोठं लागतं, शेजारच्या फाइली बघून तसंच नाव द्या. मग संदेशांचा साठा नव्याने बांधणारी देखभाल-स्क्रिप्ट चालवा, ‘रिबिल्ड लोकलायझेशन कॅश’ नावाची. ती चालवली नाही तर जुनंच दिसत राहतं आणि फाइल चुकली असं वाटतं.

आता बटणं मराठीत, पानाचा कोड कोकणाचा. जसजसे कोकणा संदेश तयार होतील तसतसे ते मराठीच्या जागी येतील, आणि जे नसतील तिथे मराठी राहील. खातरजमा करायला ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडा, अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ समोर के-ई-एक्स दिसायला हवा.

ही फाइल मीडियाविकीच्या गाभ्यात राहते म्हणून नवीन आवृत्ती चढवली की पुसली जाऊ शकते. तिची प्रत बाहेर ठेवा आणि प्रत्येक अपग्रेडनंतर परत टाका.

नामविश्वांचं बघा, म्हणजे शीर्षकाआधी येऊन पानाचा प्रकार सांगणाऱ्या नावांचं. मराठी फॉलबॅकमुळे ‘साचा’, ‘वर्ग’ ही नावं आपोआप मिळतात. पुढे तुम्ही कोकणा भाषेतले शब्द ठरवलेत तर जुने दुवे तुटू नयेत म्हणून जुनी नावं उपनावं म्हणून नोंदवून ठेवा. आणि पानं झाल्यावर भाषा-कोड बदललाच तर ‘नेमस्पेस ड्यूप्स’ ही स्क्रिप्ट आधी नुसती तपासणीसाठी आणि मग दुरुस्तीच्या पर्यायासह चालवा. ती न चालवता बदललं तर नव्या नामविश्वाच्या नावाने आधी साध्या पानात लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो पण दुव्यावरून उघडत नाही.

वर्गांच्या पानांवरचा क्रम हीसुद्धा वेगळी सेटिंग आहे. कोकणासाठी तयार वर्णक्रम मिळणार नाही, ‘यूसीए’ (युनिकोडची वर्णक्रम लावायची पद्धत) आडवी रेघ एम-आर हा मराठीचा क्रम घ्या. त्यात ळ ह-नंतर येतो आणि क्ष, ज्ञ शेवटी. बदलल्यावर ‘अपडेट कोलेशन’ स्क्रिप्ट चालवायची, नाहीतर जुनी पानं जुन्या क्रमात आणि नवी नव्या क्रमात अशी सरमिसळ होते.

आणखी एक, डेटाबेसच्या नावात भाषा-कोड घालू नका. साधं तटस्थ नाव द्या. कोड बदलला तर पत्ता बदलणं सोपं असतं, डेटाबेसचं नाव बदलणं नाही. विकिमीडियावर याचं जितंजागतं उदाहरण आहे. जुन्या शुद्धलेखनातल्या बेलारूशी विकिपीडियाचा पत्ता २०१५ मध्ये बदलून मानकाप्रमाणे केला, पण आत डेटाबेसचं नाव जुन्या कोडाचंच राहिलं, आणि विकिडेटातल्या (विकिमीडियाच्या सामाईक माहितीसाठ्यातल्या) दुव्यांना अजून तेच जुनं नाव लागतं.

गोदाकाठ
कादवाताई, दमणगंगा, मोसमखोरे, तिघांचेही मनापासून आभार. के-ई-एक्स टाकला, फॉलबॅक लावला, बटणं मराठीत आली. दोन गोष्टी राहिल्या. एक, गुजराती लिपीचं. दोन, कोड बदलल्यापासून पानांवरचे ल आणि श वेगळे दिसायला लागलेत, हिंदीसारखे. फॉन्ट तर तोच आहे. असं का?

मांजरपाडा
दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची दोन-दोन रूपं असतात, मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची. कुठलं दाखवायचं ते फॉन्ट पानाच्या भाषा-कोडावरून ठरवतो. कोड एम-आर असताना फॉन्टला ‘मराठी’ अशी खूण मिळत होती, म्हणून मराठी ल दिसत होता. के-ई-एक्स आला आणि फॉन्टमध्ये त्यासाठी काही सांगितलेलं नसल्यामुळे तो मूळ रूपावर गेला, जे बहुतेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचं असतं. ओपनटाइप या फॉन्टांच्या मानकाच्या यादीत कोकणाला स्वतंत्र खूण आहे (तिची अक्षरं नेमकी के-के-एन आहेत, तुमच्या मित्राने बहुधा तिथूनच उचलली असावीत, ती यादी फॉन्टांची, भाषा-कोडांची नव्हे). पण फॉन्ट बनवणारे ती खूण क्वचितच भरतात.

यावर उपाय म्हणून कोड परत एम-आर करू नका. विकीच्या सामाईक सीएसएस पानात भाषा-खूण बदलणारा गुणधर्म वापरून ‘मराठीसारखं दाखव’ असं सांगता येतं. तो सगळ्या ब्राउझरांत चालेलच असं नाही, म्हणून फॉन्ट मुक्त परवान्याचा असेल तर त्याच्या प्रतीत मराठीचे नियम कोकणाच्या खुणेला जोडून ती प्रत विकीवर वेबफॉन्ट म्हणून ठेवणं जास्त खात्रीचं. फॉन्टफोर्जसारख्या साधनात हे करता येतं. परवान्यात नाव राखून ठेवलेलं असेल तर बदललेल्या प्रतीला दुसरं नाव द्यावं लागतं, तेवढं पाहा.

आता लिपी. गुजराती लिपीसाठी वेगळा भाषा-कोड लागत नाही. भाषा तीच, लिपी वेगळी. आयएसओ १५९२४ मध्ये प्रत्येक लिपीला चार अक्षरी कोड आहे, देवनागरीला डी-ई-व्ही-ए आणि गुजरातीला जी-यू-जे-आर. भाषेच्या कोडानंतर आडवी रेघ देऊन तो जोडायचा. भाषा, मग लिपी, मग देश, हा क्रम ठरलेला आहे. राज्य किंवा जिल्हा देशाच्या जागी बसत नाही, तिथे दोन अक्षरी देश-कोड किंवा तीन आकडी प्रदेश-कोडच चालतो. एकाच विकीवर दोन लिप्या ठेवा, दोन विकी करू नका. डांगमधला लेखक आणि सुरगाण्यातला लेखक एकाच पानावर आले पाहिजेत.

देवनागरीतून गुजरातीत यांत्रिक रूपांतर सोपं आहे, कारण युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांचे तक्ते एकाच साच्यावर मांडलेत. देवनागरीतल्या अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले की त्याच जागेचं गुजराती अक्षर येतं. क ला क, ळ ला ळ. अपवाद थोडे, पण नेमके आपल्याच वापरातले. ‘ऱ’ ची गुजरातीतली जागा रिकामी आहे. ‘ॲ’ चीही रिकामी. ३८४ मिळवणारी भोळी स्क्रिप्ट तिथे चौकोन छापते. ऱ साठी साधा गुजराती र आणि ॲ साठी गुजरातीतलं ऍ-चं अक्षर असा हाताने नियम द्यावा लागतो. दंडाला मात्र हात लावू नका, गुजरातीतही देवनागरी तक्त्यातलाच दंड वापरतात. उलट्या दिशेने, म्हणजे गुजरातीतून देवनागरीत येताना, साधा र कुठे ऱ व्हायचा हे स्क्रिप्टला कळणार नाही. म्हणून मूळ मजकूर देवनागरीत ठेवून गुजराती रूप त्यातून काढणं बरं, किंवा अशा शब्दांची अपवाद-यादी करा.

ऱ चा विषय निघालाच आहे तर पानांच्या शीर्षकांबद्दल. ‘ऱ्ह’ किंवा ‘डोंगऱ्या’ मधला तो अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला तंतोतंत सारखे, संगणकाला वेगळे. मीडियाविकी युनिकोडचं सामान्यीकरण करतं, पण ते फक्त र-खाली-नुक्ता या रूपाला ऱ करतं, जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. परिणाम असा की ‘डोंगऱ्यादेव’ नावाची दोन पानं तयार होतात आणि एकावरून दुसऱ्याचा शोध लागत नाही. पहिल्या पद्धतीने शीर्षक द्या आणि दुसऱ्या पद्धतीचं पुनर्निर्देशन करून ठेवा. ‘ॲ’ लाही हाच रोग आहे, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र. अहिराणीवाल्यांना तर हे रोज भोवेल, ‘जाई ऱ्हायना’ सारखी रूपं प्रत्येक पानावर असतात.

मोसमखोरे
मांजरपाडा, बरोबर बोललात. त्यात भर एवढीच की खऱ्या उच्चारभेदाला कोडाने सोडवू नये. अहिराणीत ‘शे’ म्हणणारे आहेत, ‘से’ म्हणणारे आहेत. कोकणा भाषेत बोहाडा आणि भोवाडा. यासाठी कोड वेगळा करायचा नाही, पुनर्निर्देशन आणि शब्दनोंदीत दोन्ही रूपं.

दमणगंगा
बोलीभेद शब्दनोंदीत दाखवायचाच असेल तर खासगी शेपूट वापरता येतं. के-ई-एक्स, आडवी रेघ, एक्स, आडवी रेघ, मग तुमची खूण. प्रत्येक तुकड्याला कमाल आठ अक्षरं. ‘पेठ’ चार, ‘सुरगाणा’ रोमनमध्ये सात, दोन्ही बसतात. ‘धरमपूर’ नेहमीच्या स्पेलिंगने नऊ होतं आणि अख्खा कोड अवैध ठरतो. एक स्वर गाळून आठ करा आणि ते स्पेलिंग मदत-पानावर लिहून ठेवा, म्हणजे दुसरा माणूस वेगळं गाळणार नाही. हे शेपूट शब्दनोंदीपुरतंच ठेवा, विकीच्या पत्त्यात किंवा साइटच्या कोडात नाही.

तेच अकराशे शब्द विकिडेटावर लेक्सीम (तिथल्या शब्दनोंदी) म्हणून द्यायचे असतील आणि तिथल्या शब्दरूपांच्या यादीत के-ई-एक्स दिसला नाही तर एम-आर टाकू नका. अशा वेळी ‘कोड नसलेली भाषा’ या अर्थाचा एम-आय-एस, त्यापुढे एक्स आणि भाषेच्या विकिडेटा-नोंदीचा क्यू-क्रमांक अशी पद्धत तिथे आहे. कोड यादीत आला की ते शोधून एकगठ्ठा बदलता येतं. एम-आर टाकलेले शब्द मराठीच्या ढिगातून वेचून काढता येत नाहीत.

गोदाकाठ
शेवटचं विचारतो. इन्क्युबेटरवर कुणी ‘ही तर मराठीची बोली’ असं म्हटलं तर? आणि तिथली प्रक्रिया नेमकी काय?

कादवा
प्रक्रिया मी सांगते. आधी इन्क्युबेटरवर के-ई-एक्स ने कुणी काही सुरू केलंय का ते शोधा, असेल तर त्यातच सामील व्हा. नसेल तर पानाचं नाव असं द्यायचं: डब्ल्यूपी, तिरकी रेघ, के-ई-एक्स, तिरकी रेघ, मग शीर्षक. विक्शनरीसाठी डब्ल्यूपी च्या जागी डब्ल्यूटी. तुमच्याकडे शब्दसंग्रह जास्त असल्याने डब्ल्यूटी चाही विचार करा. प्रत्येक पान, प्रत्येक साचा आणि प्रत्येक वर्ग यांना हा उपसर्ग हवाच. तो विसरला की पान कुठल्याच प्रकल्पात मोजलं जात नाही. पानातल्या दुव्यांनाही पूर्ण उपसर्ग द्यायचा आणि उभ्या रेघेनंतर दिसायचं नाव. विकी मंजूर झाल्यावर आयात करताना उपसर्ग काढले जातात. जुन्या कथांचे पाठ, म्हणजे विकिस्रोताचा मजकूर, इन्क्युबेटरवर नाही, तो बहुभाषिक विकिस्रोतावर जातो.

बरोबरीने ट्रान्सलेटविकीवर संदेशांचं भाषांतर. पहिल्या विकीसाठी ‘सर्वाधिक वापरले जाणारे संदेश’ हा गट पूर्ण लागतो, सगळे संदेश लागत नाहीत. मेटाविकीवर नव्या भाषेची विनंती नोंदवायची, तिच्यावर भाषा समिती निर्णय घेते. समिती पानांची संख्या बघत नाही, सातत्य बघते. दर महिन्याला किमान तीन जण नेटाने लिहितायत आणि असं काही महिने चाललंय, हे दिसायला हवं. तुम्ही सहा जण आहात, पण एकाच खात्यावरून सगळे शब्द चढवलेत तर तिथे एकच माणूस दिसेल. प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून लिहा. शेवटी भाषा जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाकडून मजकूर खरोखर कोकणा आहे याची खात्री करून घेतली जाते, त्यामुळे मराठी लेख घेऊन क्रियापदं बदलायचा प्रकार करू नका.

दमणगंगा
बोलीच्या आक्षेपाला वाद घालू नका, कोड दाखवा. समितीला लागतो तो वैध आयएसओ कोड, आणि तो तुमच्याकडे आहे. आयएसओ ६३९-३ चा निकषही सांगून ठेवतो. न शिकता एकमेकांचं बोलणं कळतं का, हे पहिलं. ते काठावर असेल तर सामाईक साहित्य किंवा सामाईक ओळख आहे का, हे दुसरं. आणि बोलणं बऱ्यापैकी कळत असूनही दोन समाजांची ओळख स्पष्टपणे वेगळी असेल तर ती वेगळी भाषा मानायला बळ मिळतं, हे तिसरं. लिपी किंवा सरकारी दर्जा यात कुठेच नाही.

कोड मिळवायची वेळ तुमच्यावर आलेली नाही, ती महादेव कोळी बोलीसाठी येऊ शकते. त्यासाठी एसआयएलकडे दोन अर्ज असतात, एक बदलाचा आणि एक नव्या कोडाचा. अर्ज लोकांच्या हरकतींसाठी जाहीर होतो आणि मग निर्णय लागतो. अर्जात भावना चालत नाही. किती गावांत बोलतात, शेजारच्या भाषेशी किती शब्द जुळतात, बोलणारे स्वतः काय नाव देतात, आणि छापील पुरावा काय आहे, हे लागतं.

कोड चुकीचा बसला की काय होतं याची उदाहरणं विकिमीडियावर आहेतच. अलेमानिश विकिपीडिया ए-एल-एस वर आहे, तो कोड आयएसओमध्ये अल्बेनियनच्या तोस्क रूपाचा. नॉर्मन भाषेचा विकी एन-आर-एम वर, तो बोर्निओतल्या नारोमचा. भोजपुरीचा बी-एच वर, जो बिहारी भाषांच्या समूहाचा होता, भोजपुरीचा स्वतःचा कोड बी-एच-ओ. तोस्क भाषकांना ए-एल-एस हवा असेल तर पत्ता आधीच गेलेला आहे. म्हणून के-ई-एक्स वर कोकणाशिवाय दुसरं काही चढवू नका, वारली कथा असतील तर त्या व्ही-ए-व्ही खाली.

गोदाकाठ
वारलीच्या चार कथा खरंच त्याच विकीवर चढवल्या होत्या. पानाची भाषा पानापुरती बदलता येते का, की वेगळा विकीच करायचा?

कादवा
चार कथांसाठी वेगळा विकी नको. ‘पेज लँग्वेज’ ची सेटिंग लोकलसेटिंग्जमध्ये चालू करा आणि संबंधित गटाला तो अधिकार द्या, मग विशेष पानावरून त्या चार पानांची भाषा व्ही-ए-व्ही करता येईल. व्ही-ए-व्ही चं नाव आधी जादा भाषांच्या यादीत घाला आणि त्याचीही मराठी फॉलबॅकची छोटी फाइल करा, नाहीतर त्या पानांवर काही शब्द इंग्रजीत येतील. एका पानात मधेच दोन वारली ओळी असतील तर पानाची भाषा बदलू नका, तेवढ्या ओळींभोवती स्पॅन टॅग टाकून त्याला ‘लँग’ द्या. बदल केल्यावर त्या पानाचा साठा रिकामा करा, जुनी प्रत बराच वेळ तशीच दिसत राहते.